कन्याशाळेचा इतिहास : इमारतीचा आणि मुलींचा

शाळेला पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे झाली की स्मरणिका निघते. समारंभाच्या दिवशी ती हातोहात वाटली जाते, जुन्या छायाचित्रांत ज्याची त्याची आपला चेहरा शोधते, आणि मग ती कपाटात जाते ती कायमचीच. कादंबरीचे परीक्षण होते, कवितासंग्रहाचे होते, एखाद्या भक्तिपर पुस्तिकेवरही चार ओळी छापून येतात. स्मरणिकेची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. तो केवळ उपचार आहे अशीच आपली समजूत आहे. तथापि आपल्या कॅथॉलिक स्त्रीजीवनाविषयी पुढील पिढीच्या हाती जे लिखित साहित्य पडणार आहे, त्यातील फार मोठा भाग याच गुळगुळीत कागदावर छापलेला आहे. म्हणून हा वाङ्मयप्रकार गांभीर्याने तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही कोणत्याही एका शाळेच्या प्रकाशनावर रोख धरलेला नाही. कन्याशाळेचा इतिहास लिहिण्याची जी रीत आपल्यात रूढ झाली आहे, त्या रीतीचा हा विचार आहे. मात्र हवेत बोलणे होऊ नये यासाठी एक शाळा आम्ही डोळ्यांसमोर ठेवली आहे. पुण्याच्या लष्कर भागातील 'कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी' ही ती शाळा होय. तिची स्थापना १८६० सालची. म्हसळ्याहून पाहिले तर ती माणगाव आणि ताम्हिणीचा घाट ओलांडून पलीकडे. परंतु जिच्या इतिहासात आपल्या सर्व कन्याशाळांचे प्रश्न एकवटले आहेत, अशी ही शाळा आहे.

प्रथम रूढ रीत पाहू. आरंभी शुभसंदेश येतात. बिशपस्वामींचा, मंत्रिमहोदयांचा, शिक्षणाधिकाऱ्यांचा. त्यानंतर 'शाळेची वाटचाल' या नावाचा एक लेख असतो. अमुक साली चार भगिनी आल्या, तमुक साली पूर्वेकडची इमारत झाली, मग दुसरा मजला चढला, मग प्रयोगशाळा, मग सभागृह. त्यामागोमाग मदर सुपिरियर व मुख्याध्यापिका यांची कालानुक्रमे यादी, शालान्त परीक्षेचे निकाल, गुणवत्ता यादीत झळकलेल्या विद्यार्थिनी. या सर्वांत असत्य काहीच नसते. पण वाचून संपल्यावर एक विचित्र जाणीव मागे राहते. शंभर वर्षांत हजारो मुली ज्या दारातून आत गेल्या आणि बाहेर पडल्या, त्यांपैकी एकीचाही आवाज आपल्या कानी आलेला नसतो. मुलगी येथे येते ती एक तर पटावरची संख्या म्हणून किंवा बक्षीस घेताना. जिला बक्षीस मिळाले नाही तिला इतिहासही मिळाला नाही, असा याचा अर्थ होतो.

आता ज्या संघाने पुण्याची शाळा काढली त्याचा स्वतःचा आरंभ कसा झाला ते पाहावे. संत क्लॉडीन थेवने हिचा जन्म १७७४ साली फ्रान्समधील लिओं शहरी, रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली लिओंला वेढा पडला, शहर पाडाव झाले, आणि जानेवारी १७९४ मध्ये तिच्या दोन भावांना गोळ्या घालण्यात आल्या. वधस्थानाकडे नेत असता ती त्यांच्या बाजूने चालत गेली. आम्ही क्षमा करतो तशी तूही कर, हा त्यांचा अखेरचा निरोप. त्या दिवसाच्या धक्क्याने तिची मान पुढे आयुष्यभर थरथरत राहिली, असे तिचे चरित्रकार सांगतात. एकवीस वर्षांनी, १८१५ साली, आंद्रे क्वान्द्र नावाच्या तरुण धर्मगुरूंना सेंट निझिए चर्चच्या दारात थंडीने कुडकुडणाऱ्या दोन बेवारस मुली आढळल्या. त्यांनी त्या क्लॉडीनकडे आणल्या. ६ ऑक्टोबर १८१८ रोजी संघाची स्थापना झाली. एका बाजूला अनाथ मुलींना निवारा आणि रेशीम विणण्याचे काम, दुसऱ्या बाजूला सुस्थितीतील घरच्या मुलींसाठी निवासी शाळा, अशी दोन कामे त्या संघाने आरंभापासून हाती घेतली. क्लॉडीन १८३७ साली निवर्तली. तिच्या भगिनी आग्र्यास आल्या १८४२ साली. हिंदुस्थान तिने पाहिला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ मार्च १९९३ रोजी तिला संतपद बहाल केले.

ही कथा आम्ही विस्ताराने सांगितली ती भक्तिभावाने खरीच, पण समीक्षेच्या दृष्टीनेही तिचे मोल मोठे आहे. या कथेत इमारत कोठेच नाही. आहेत त्या दोन मुली, त्यांची थंडी, एका बाईची थरथरणारी मान आणि क्षमेचा एक निरोप. म्हणजे इतिहास कसा सांगावा याचा धडा संघाच्या आरंभकथेतच आहे. ती कथा स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आदराने छापली जाते आणि दुसऱ्या पानापासून तिचा धडा विसरला जातो. चर्चच्या दारात सापडलेल्या त्या दोघींसारख्या किती मुली आपल्या शाळेने आत घेतल्या, हा प्रश्न पुढील शंभर पानांत कोणी विचारीत नाही.

दुसरा दोष संदर्भाचा. शाळा जणू ओसाड माळावर उभी राहिली अशा थाटात हे इतिहास लिहिले जातात. १८६० सालचे पुणे ओसाड नव्हते. मुंबईहून पुण्यास येणारी आगगाडी तेव्हा बोरघाटात अडलेली होती. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा रूळ १८५८ साली सुरू झाला होता, पण घाटातला मार्ग खुला झाला १८६३ साली. शाळा घाटातल्या आगगाडीहून तीन वर्षांनी वडील आहे, ही एक ओळही त्या काळच्या प्रवासाची कल्पना देऊन जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट शहरातली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा १८४८ साली काढली होती. १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. पुढे १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली. लष्कर आणि शहर यांत फार तर तासाभराची पायपीट. पण कॉन्व्हेंटांच्या इतिहासात शहर येत नाही, आणि शहरातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात कॉन्व्हेंट येते ते ओझरते. दोन्ही बाजूंनी ही भिंत आहे. आपल्या बाजूची भिंत आपण पाडावी, एवढेच आमच्या हाती आहे.

मुक्ता साळवे यांचे उदाहरण येथे मुद्दाम दिले. फुले दांपत्याच्या त्या शाळेचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज कोणता, असे आज कोणास विचारले तर तो अभ्यासक या मुलीच्या निबंधाकडे बोट दाखवील. त्या शाळेची खोली केवढी होती आणि बाके किती होती, हे कोणी विचारणार नाही. विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेल्या चार पानांनी एका शाळेला अमर केले. आपल्या कन्याशाळांच्या हस्तलिखित मासिकांत, वार्षिकांत, निबंधाच्या वह्यांत असे काही नसेलच, असे मानण्यास आम्ही तयार नाही. ते शोधले गेलेले नाही, एवढेच.

आता भाषेचा प्रश्न. हा प्रश्न नाजूक आहे, पण तो टाळून कॉन्व्हेंटचा इतिहास पुरा होऊ शकत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. म्हणजे लिओंमध्ये क्लॉडीनने संघ स्थापण्यापूर्वी दोनशे वर्षे आपला धर्म मराठीत ओवी रचीत होता. असे असता एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत कॅथॉलिक मुलीचे शिक्षण म्हणजे इंग्रजी शिक्षण, हे समीकरण कसे रूढ झाले? छावणीतील कुटुंबांसाठी काढलेल्या शाळेत इंग्रजीच असणार, हे उघड आहे. पण छावणी गेली तरी समीकरण राहिले. अनेक शाळांत मधल्या सुट्टीतही मराठी बोलण्यास मनाई असे, हे त्या पिढीतील स्त्रिया आजही सांगतात, कोणी हसत, कोणी न हसता.

या संदर्भात १९५४ सालचे एक प्रकरण आमच्या वाचकांना ठाऊक असावे. मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी हुकूम काढला की, अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाचे नागरिक सोडून अन्य कोणास इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. देवळालीची बार्न्स शाळा चालविणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयात गेली. त्या शाळेने प्रवेश नाकारलेल्या मुलांच्या पालकांत एक भारतीय ख्रिस्ती गृहस्थही होते. आपली मातृभाषा इंग्रजी आहे असे त्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला आणि मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. बार्न्स ही कॅथॉलिक शाळा नव्हे, पण या निकालाचा लाभ आपल्या सर्व इंग्रजी शाळांना झाला. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. पण 'आपली मातृभाषा कोणती?' हा प्रश्न न्यायालयात जाऊन पोहोचला, ही गोष्ट एका समाजाच्या वाङ्मयीन इतिहासात लहान नाही. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कायद्याने सर्व शाळांत मराठी अनिवार्य केली, तेव्हा तोच प्रश्न उलट्या बाजूने पुन्हा दारात आला. मधल्या सहासष्ट वर्षांत आपल्या कन्याशाळांनी स्वतःहून मराठीसाठी काय केले, याचे उत्तर एखाद्या स्मरणिकेत मिळाले तर ते वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत.

भाषा टिकते ती शाळेमुळेच, असेही नाही. आमच्या या रायगड किनाऱ्यावर कोर्लई आहे. १७४० साली चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाली. पोर्तुगीज सत्ता गेली, दर्यावरची जहाजे गेली, पण गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कॅथॉलिक कुटुंबांनी पोर्तुगीजमधून घडलेली आपली बोली अडीच शतकांहून अधिक काळ घरात जिवंत ठेवली. राज्यसत्तेचा आधार नसता ती टिकली ती चुलीपाशी आणि पाळण्यापाशी. भाषेची खरी शाळा आईच्या ओटीत भरते, याला याहून जवळचा पुरावा आम्हांस माहीत नाही. मग जिने शाळेत दहा वर्षे फक्त इंग्रजी गिरविली, ती आई झाल्यावर मुलांशी कोणत्या भाषेत बोलली? जपमाळ कोणत्या भाषेत झाली? आजीला पत्र कोणत्या भाषेत गेले? कन्याशाळेच्या इतिहासाचे हे एक मोठे प्रकरण आहे आणि ते अद्याप कोरे आहे.

परंपरांविषयी लिहिताना हे इतिहास एकदम कोमल होतात. मे महिन्यातील मरियेची भक्ती, ऑक्टोबरमधील जपमाळ, ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण, निळी फीत आणि पदक मिरविणाऱ्या 'मरियेच्या कन्या'. या शेवटच्या संस्थेचा उगम १८३० सालच्या पॅरिसमधील पदकाच्या भक्तीत आहे आणि तिला १८४७ साली पोप नववे पायस यांची मान्यता मिळाली. निळी फीत गळ्यात पडणे हा कित्येकींच्या शाळकरी जीवनातील सर्वोच्च क्षण होता. ते भाग्य ज्यांना लाभले नाही त्यांच्या मनात काय चालले असेल, फीत मिळण्यासाठी 'चांगली मुलगी' म्हणजे नेमके काय असावे लागे, आणि वर्गातील हिंदू, पारशी, मुसलमान मैत्रिणी या सर्वांकडे कोणत्या नजरेने पाहत, हे मात्र कोठे येत नाही. परंपरेचे वर्णन होते, परंपरेचा अनुभव येत नाही. आमच्या मते या लेखनाचा हा मुख्य वाङ्मयीन दोष आहे.

अनुभव लिहिला गेलाच नाही, असे मात्र नाही. पुण्यात १९४० साली जन्मलेल्या कवयित्री युनिस डिसूझा यांचा 'फिक्स' हा संग्रह १९७९ साली आला. गोवेकर कॅथॉलिक घर, त्यातील दांभिकता, वयात येणाऱ्या मुलींचे भाबडे अज्ञान आणि त्याविषयी वडीलधाऱ्यांचे मौन हे सारे त्यांनी धारदार उपहासाने मांडले. युनिसबाई २०१७ साली निवर्तल्या. त्यांची कविता अनेकांना बोचली. पण बोचण्यासाठी आधी ती खरी असावी लागते. आमची खंत वेगळीच आहे. ती कविता इंग्रजीत आहे. एका टोकाला स्मरणिकेची साखर आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजी कवितेचे लिंबू, यांच्या मधली जी रोजची चव आहे ती मराठीत कोणी द्यायची? मराठी ख्रिस्ती साहित्यात शेतवाडी आहे, लग्नघर आहे, सण आहेत, समुद्र आहे. कन्याशाळा आमच्या वाचनात फारशी आलेली नाही.

आणि नमुना शोधण्यास दूर जाण्याचेही कारण नाही. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. त्या पंथाने प्रॉटेस्टंट, आणि शाळेचे शिक्षण त्यांना कसले मिळाले, तर जवळजवळ नाहीच. पण स्वतःवर हसण्याची त्यांची रीत, भांडणे आणि उपासमार एकाच सहज स्वरात सांगण्याची हातोटी, मोठ्या माणसाला लहान प्रसंगांतून उभे करणारी नजर, हे सारे कन्याशाळेच्या आठवणींना हवे आहे. बोर्डिंगमधली भात-डाळ, धुण्याच्या दिवसाचा साबणाचा वास, घरून आलेले पत्र उघडून वाचून मग हाती देणारी सिस्टर, आणि आजारपणात रात्रभर उशाशी बसून राहिलेली तीच सिस्टर. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या तरच चित्र खरे होईल. फक्त पहिली लिहिली तर तक्रार होते आणि फक्त दुसरी लिहिली तर प्रशस्तिपत्र.

एका वर्गाचा उल्लेख तर अगदीच राहून जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी अनेक संघांत शिकविणाऱ्या भगिनी आणि स्वयंपाक, धुणे, बाग सांभाळणाऱ्या भगिनी असे दोन दर्जे होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाविषयीचा आदेश काढला आणि भगिनींचा एकच वर्ग असावा असे त्यात सुचविले. त्याच दिवशी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्रही प्रसिद्ध झाले. गरीब, घरच्या मायेला पारखी झालेली आणि आपल्या श्रद्धेबाहेरची मुले यांची काळजी कॅथॉलिक शाळेने विशेषत्वाने घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. एकाच दिवशी निघालेल्या या दोन पत्रांनी आपल्या कॉन्व्हेंटांत काय बदलले? स्वयंपाकघरातील सिस्टर भोजनाच्या मेजावर कोठे बसू लागली? फी न भरणारी मुलगी वर्गात कोणत्या बाकावर बसू लागली? हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्या भगिनी आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घेण्यास फार अवधी राहिलेला नाही.

या सर्व टीकेमुळे शाळांचे ऋण कमी होत नाही, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. ज्या काळात बाईने हिशेबाची वही धरणेही नवलाचे होते, त्या काळात या भगिनी संस्था चालवीत, कंत्राटदारांशी बोलत, शिक्षणखात्याशी पत्रव्यवहार करीत. मुलींच्या डोळ्यांसमोर कर्तबगार, अविवाहित, स्वतंत्र स्त्रीचे उदाहरण रोज वावरत होते. आपल्या समाजातील परिचारिका, शिक्षिका, कचेरीतील टंकलेखिका यांच्या पगारावर कित्येक घरे उभी राहिली, त्यामागे हे उदाहरण आहे. 'कॉन्व्हेंट' या शब्दाला बाजारात इतकी पत आली की जेथे एकही सिस्टर नाही अशा शाळांनीही तो पाटीवर लावला, आणि लग्नाच्या जाहिरातींत तो हुंड्याइतका वजनदार ठरला. पण शब्दाची पत वाढली तसा त्याचा अर्थ झिजला. मूळ अर्थ मठ. त्या मठाचा आरंभ थंडीत कुडकुडणाऱ्या दोन मुलींपासून झाला, हे जाहिरातीतील 'कॉन्व्हेंट'ला माहीत नाही. ते सांगण्याचे काम इतिहासाचे आहे.

म्हणून पुढील स्मरणिका काढणाऱ्यांस आमच्या काही सूचना आहेत. शुभसंदेश दोन पानांत आटोपावेत. प्रवेशनोंदीच्या जुन्या वह्यांतून, कोणाचेही नाव न देता, मुली कोठून आल्या, कोणत्या भाषेच्या घरांतून आल्या आणि कोणत्या इयत्तेतून शाळा सोडून गेल्या, याचा तक्ता द्यावा. मध्येच शाळा सुटलेल्या मुलींपैकी कोणी भेटल्यास तिचे म्हणणे प्रथम छापावे. जुन्या हस्तलिखितांतील विद्यार्थिनींचे लेखन जसेच्या तसे, चुकांसह द्यावे. शिपाई, आया, स्वयंपाकीण यांच्याशी बोलावे. गावाकडून बोर्डिंगला आलेल्या मुलींना स्वतंत्र जागा द्यावी. म्हसळ्यासारख्या गावातून जी लेक दूर जाते तिची शाळा आणि शहरातल्या मुलीची शाळा, एकाच छपराखाली असूनही, एक नसते. आणि निम्मी पाने तरी मराठीत असावीत, कारण ज्या आजीविषयी लिहायचे तिला ती वाचता आली पाहिजेत.

धर्मग्रामातील कुटुंबांनाही एक विनंती. स्मरणिकेची वाट पाहू नका. घरात कोणी मावशी, आत्या, आजी कॉन्व्हेंटात शिकलेली असेल तर एका रविवारी मिस्सेनंतर तिच्याजवळ वही घेऊन बसा. निकाल विचारू नका. थंडीच्या दिवसांत अंगावर काय पांघरत असे, शेजारच्या बाकावर कोण बसत असे, कोणत्या दिवशी रडू आले आणि त्या दिवशी जवळ कोण आले, हे विचारा. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून ठेवा. शाळेचा इतिहास तेथून सुरू होईल.